विशेष मुलांचा वर्ग : शिकवण्याची रीत आणि साधने

कामगार चळवळीतल्या माणसाने विशेष मुलांच्या शिक्षणावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आम्हाला ते वाटत नाही. यंत्रमागाच्या गावात ज्याचे आयुष्य गेले, त्याला हे मूल गल्लीगल्लीत भेटते. आईबाप दोघेही पाळीला गेलेले असतात. आणि दहा-अकरा वर्षांचा मुलगा, ज्याला नीट बोलता येत नाही, रस्त्यावरच्या वाहनांचे भान नाही, तो शेजारच्या म्हातारीच्या भरवशावर घरी असतो. बाई संघटनेच्या कचेरीत येते ती बोनसचे विचारायला, पण कागद घडी करून पिशवीत ठेवताना उंबऱ्याशी थांबते आणि विचारते, "दादा, ह्याला कुठली शाळा घेईल का हो? आणि घेतली तर हा शिकेल काय?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडते. दुसऱ्याचे उत्तर वर्गात जाऊन पाहिल्याशिवाय मिळत नाही. त्यासाठी आम्ही अनेक वर्गांत मागच्या बाकावर बसलो, शिक्षकांना प्रश्न विचारून भंडावले, आणि मिळेल ते वाचले. त्यातले जे उपयोगाचे वाटले ते येथे मांडीत आहोत.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारच्या अक्षमता मोजल्या आहेत. १९९५ च्या कायद्यात त्या सातच होत्या. अंध मुलाची ब्रेल, कर्णबधिर मुलाची खुणांची भाषा, यांचे शास्त्र स्वतंत्र आहे आणि त्यावर बोलण्यास अधिक जाणकार माणसे आहेत. आम्ही मुख्यतः बौद्धिक अक्षमता असलेल्या आणि काही प्रमाणात स्वमग्न मुलांविषयी बोलणार आहोत. याचे कारण असे की, याच मुलांबद्दल "ह्याला शिकवून काय उपयोग" हे वाक्य सर्वांत अधिक ऐकू येते. पूर्वीच्या कायद्यात "मतिमंद" असा शब्द होता, तो आता गेला. शब्द गेला हे चांगलेच झाले. मात्र पाटी बदलली म्हणून वर्गातली रीत आपोआप बदलत नाही, हेही पाहिले पाहिजे.

ही रीत आली कोठून? इ. स. १८०० मध्ये फ्रान्समधील आव्हेरों भागातल्या जंगलात एक अकरा-बारा वर्षांचा मुलगा सापडला. अंगावर वस्त्र नाही, तोंडात भाषा नाही. पिनेल या त्या काळच्या मोठ्या वैद्याने तपासून सांगितले की, हा जन्मजात असाच आहे, याच्यात सुधारणा व्हायची नाही. पॅरिसच्या बहिऱ्या-मुक्यांच्या संस्थेतील इतार नावाच्या तरुण डॉक्टरला हे पटले नाही. त्याने त्या मुलाचे नाव व्हिक्टर ठेवले आणि पाचएक वर्षे त्याच्यावर मेहनत घेतली. व्हिक्टर बोलू लागला नाही. पण थोडे शब्द वाचून वस्तू आणू लागला, कपडे घालू लागला, माणसांवर माया करू लागला. इतारला स्वतःला हे अपयश वाटले. त्या मुलाला शेवटपर्यंत, म्हणजे १८२८ पर्यंत, सांभाळले ते मादाम गेरँ या बाईने. इतिहासात नाव डॉक्टरचे राहिले; रोज खाऊपिऊ घालणाऱ्या बाईचे नाव शोधून काढावे लागते. हा प्रकार आमच्या व्यवसायात आम्हाला नवा नाही.

इतारचा शिष्य सेगँ. त्याने गुरूच्या अपयशातून पद्धत उभी केली. बुद्धीला हाक मारून उत्तर येत नसेल, तर आधी हाताला, डोळ्याला, कानाला काम द्या, असे त्याचे म्हणणे. लाकडी फळीत गोल, चौकोनी, त्रिकोणी खाचा आणि त्यात बसणारे तुकडे, हे आज प्रत्येक बालवाडीत दिसणारे खेळणे त्याच्या परंपरेतले आहे. पुढे तो अमेरिकेत गेला आणि १८८० मध्ये तेथेच वारला. त्याचे फ्रेंच पुस्तक रोममधील एका तरुण डॉक्टरीण बाईंनी स्वतःच्या हाताने उतरवून काढले. त्या मारिया माँटेसरी. रोममध्ये त्यांनी प्रथम अशाच मुलांना शिकवले, ती मुले लिहू-वाचू लागली, तेव्हा त्यांनी प्रश्न केला की, ह्यांच्यासाठी केलेली पद्धत इतर मुलांना का देऊ नये? १९०७ मध्ये सान लोरेंझो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत त्यांनी पहिले बालगृह काढले. आज मोठ्या फीच्या शाळांच्या पाटीवर माँटेसरीचे नाव दिसते. ती पद्धत निघाली विशेष मुलांच्या वर्गातून आणि वाढली मजुरांच्या चाळीतून, हे त्या पाटीवर लिहिलेले नसते. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे काम केले, त्यात विकतच्या साहित्याऐवजी बिया, खडे, शंख-शिंपले, पाने आली. गरीब देशातल्या शिक्षकाला हा धडा फार मोलाचा आहे. त्याच सुमारास, १९४४ मध्ये, मुंबईत वकील दांपत्याने आपल्या मुलीसाठी सुरू केलेला छोटा वर्ग पुढे जय वकील शाळा म्हणून वाढला.

आता प्रत्यक्ष वर्गात येऊ.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे काम तोडणे. "हात धू" हे आपल्याला एक काम वाटते. वस्तुतः ती आठ-नऊ कामांची साखळी आहे : नळाशी जाणे, बाह्या वर करणे, नळ सोडणे, हात ओले करणे, साबण घेणे, चोळणे, साबण जाग्यावर ठेवणे, हात खळबळणे, नळ बंद करणे, पुसणे. मोजली तर ती दहा निघाली. आपल्याला स्वतःला सुद्धा अंदाज नसतो. मागावर नवा पोरगा येतो तेव्हा जुना कामगार त्याला "तार जोड" एवढेच सांगत नाही. माग थांबव, तुटलेले टोक शोध, गाठ मार, वहीच्या डोळ्यातून काढ, फणीतून ओढ, मग माग चालू कर, असे एकेक दाखवतो. ज्याला हे कळते त्याला विशेष शिक्षणाची अर्धी रीत कळली. शिक्षकाने स्वतः ते काम दोनदा करून पाहावे, प्रत्येक हालचाल कागदावर लिहावी, आणि मग मूल नेमके कोणत्या पायरीवर अडते ते पाहावे. बहुधा ते सगळीकडे अडत नाही. एका मुलीला "हात धुता येत नाहीत" असा शेरा अनेक वर्षे प्रगतिपुस्तकात चालू होता. पाहिले तर तिला फक्त फिरवायचा नळ बंद करता येत नव्हता, कारण मनगट वळत नव्हते. दांडीचा नळ बसवला आणि शेरा पुसला गेला.

साखळी तोडल्यावर शिकवायला सुरुवात कोठून करायची? आपण सहजच पहिल्या कडीपासून करतो. काही कामांना ते ठीक आहे. पण शर्टाचे बटण, चपलेचा पट्टा, दप्तर भरणे अशा कामांत उलटीकडून सुरुवात केली तर पुष्कळ बरे, असा शिक्षकांचा अनुभव आहे. बाई बटण काजात अर्धे घालून ठेवतात, मुलाने फक्त ओढून घ्यायचे. ओढले की बटण लागले! काम पुरे झाल्याचा आनंद मुलाच्या वाट्याला येतो. आठवड्याने बाई बटण काजाच्या तोंडाशी आणून ठेवतात. ढकलणे आणि ओढणे दोन्ही मुलाचे. अशा रीतीने मूल मागे मागे सरकत सुरुवातीपर्यंत येते. पहिल्या कडीपासून शिकवले की मूल सुरुवात करते आणि शेवट दुसराच कोणी करतो. त्याच्या मनात काम नेहमी अर्धवटच राहते.

मदत किती द्यावी, याचेही शास्त्र आहे. हात धरून करून घेणे ही सर्वांत जड मदत. त्याहून हलकी म्हणजे कोपराला नुसता स्पर्श, त्याहून हलकी बोटाने खूण, मग शब्द, आणि सर्वांत हलकी म्हणजे काही न करता थांबणे. हे थांबणे फार कठीण आहे. आम्ही वर्गात घड्याळ लावून पाहिले आहे : प्रश्न विचारल्यावर दोन सेकंदही न थांबता उत्तर शिक्षकच देऊन टाकतात. ज्याच्या डोक्यात शब्द पोचायलाच चार सेकंद लागतात, त्याची पाळी येतच नाही. मनात पाच आकडे मोजावेत, मगच पुढची मदत द्यावी. आणि मदत दिली ती काढूनही घ्यावी लागते. तोंडी सूचना काढून घेणे सर्वांत अवघड जाते; "आता साबण घे, आता चोळ" असे रोज ऐकलेले मूल पुढे साबण हातात धरून बाईंच्या तोंडाकडे पाहत उभे राहते. म्हणून जाणते शिक्षक शब्दांपेक्षा खुणेने आणि चित्राने काम घेतात. चित्र भिंतीवर राहते. पुढे ते लहान करता येते, मग काढून टाकता येते.

याची नोंद कशी ठेवावी? मोठाल्या फायली भरून ठेवण्याचा सोस आपल्या सरकारी कामात आहे, आणि त्या फायली तपासणीच्या दिवशीच उघडतात. एका बाईंची वही आम्हाला फार आवडली. आडव्या रांगेत तारखा, उभ्या रांगेत कामाच्या पायऱ्या, आणि चौकटीत एकच अक्षर : "स" म्हणजे स्वतः केले, "श" म्हणजे शब्दाने, "ख" म्हणजे खुणेने, "ह" म्हणजे हात धरून. महिनाभराने पान उघडले की कोणत्या पायरीवर "ह" चा "ख" झाला, हे न शिकलेल्या आईलाही बोटाने दाखवता येते. मोजमापाची मोठी साधनेही आहेत. मद्रासमध्ये तयार झालेल्या एका पद्धतीत अठरा क्षेत्रे आहेत आणि प्रत्येकात वीस कामे, अशी ३६० कामे सोप्याकडून कठिणाकडे मांडली आहेत. तिचा चांगला भाग असा की, प्रत्येक वाक्य "करतो" असे लिहिलेले आहे, "करू शकत नाही" असे नव्हे. वर्षाला त्यातली किती उद्दिष्टे घ्यायची? आम्ही ज्यांना मानतो असे शिक्षक एका तिमाहीला चार-पाचांच्या वर घेत नाहीत. कागदावर तीस उद्दिष्टे दिसली की समजावे, एकावरही काम चालू नाही.

स्वमग्न मुलांच्या बाबतीत दिवसाची मांडणी डोळ्यांना दिसणे हे अर्धे शिक्षण आहे. पुढे काय होणार हे न कळणे त्यांना असह्य होते. आपणही अनोळखी गावी गाडी तासभर थांबली आणि कोणी काही सांगितले नाही तर अस्वस्थ होतो. ह्या मुलांचा प्रत्येक तास तसा जातो. अमेरिकेत उत्तर कॅरोलायना राज्यात एरिक शॉप्लर यांनी १९७२ पासून जी पद्धत राज्यभर नेली, तिचा गाभा हाच आहे. भिंतीवर एक पट्टी. तिच्यावर वरून खाली आजची कामे, चित्रांत. चित्र कळत नसेल तर वस्तूच टांगावी : ताटली म्हणजे जेवण, चेंडू म्हणजे मैदान, रिक्षाचा छोटा खेळ म्हणजे घर. काम झाले की मुलाने ते काढून खालच्या पेटीत टाकायचे. बाकावर डावीकडे करायच्या कामाच्या टोपल्या, उजवीकडे झालेल्या कामाची. किती काम आहे आणि संपल्यावर काय, हे दोन प्रश्न मुलाला विचारावेच लागत नाहीत. यात खर्च काय? पुठ्ठा, चिमटे आणि जुन्या मिठाईच्या पेट्या.

आता ज्या गोष्टीची शिक्षकांना सर्वांत धास्ती असते, तिच्याकडे वळू. मूल पाटी फेकते, ओरडते, चावते. आम्ही येथे आमच्या धंद्यातले बोलतो, क्षमा असावी. ज्या कारखान्यात अर्ज वाचला जात नाही तेथे संप होतो. ज्या मुलाला शब्द नाहीत त्याने अर्ज कसा लिहावा? पाटी फेकणे हा त्याचा अर्जच असतो. शिक्षकाने वाचायचे ते हे : फेकण्याच्या आधी काय घडले, आणि फेकल्यावर त्याला काय मिळाले? बहुधा चारांपैकी एक गोष्ट निघते. कोणाचे तरी लक्ष हवे असते; किंवा एखादी वस्तू; किंवा नको असलेल्या कामातून सुटका; किंवा त्या हालचालीतच शरीराला बरे वाटत असते. आम्ही पाहिलेला एक मुलगा बेरजेचा तास आला की पाटी भिरकावी आणि सर त्याला शिक्षा म्हणून बाहेर उभे करीत. बाहेर व्हरांड्यात वारा, रस्ता, बैलगाड्या! शिक्षा कोणाला झाली? दुसऱ्या एका बाईंनी त्याला एक पिवळे कार्ड दिले. ते पुढे केले की दोन मिनिटे विश्रांती. पहिल्या दिवशी त्याने ते कितीतरी वेळा पुढे केले आणि प्रत्येक वेळी बाईंनी शब्द पाळला. येथेच बहुतेकांचा धीर सुटतो. बाईंनी पाळला, म्हणून पाटी फेकण्याचे कारण उरले नाही. नंतर "आधी दोन गणिते, मग कार्ड" असा करार करता आला. कार आणि ड्युरंड या दोघांनी १९८५ मध्ये हीच गोष्ट प्रयोगाने दाखवली : त्रासदायक वागणुकीने जे मिळते तेच साध्या शब्दाने किंवा खुणेने मिळू लागले की ती वागणूक कमी होते. मालकवर्गाला हे सांगताना आमचे केस पांढरे झाले. शिक्षकांना ते लवकर पटते.

वाचन-लेखनात मराठीच्या स्वतःच्या अडचणी आहेत आणि इंग्रजी पुस्तकांतून घेतलेल्या युक्त्या येथे पुऱ्या पडत नाहीत. पहिली वेलांटी घ्या. "कि" लिहिताना वेलांटी डावीकडे, आधी. उच्चारताना "क" आधी आणि इकार नंतर. डोळा एक क्रम सांगतो, कान दुसरा. ज्या मुलाला अक्षरांचा क्रम मुळातच निसटतो त्याची येथे दमछाक होते. यावर एक साधी युक्ती अशी : अक्षरांची आणि वेलांट्यांची वेगळी पुठ्ठ्याची कार्डे करावीत, आधी "क" मांडायचा, तोंडाने म्हणायचा, मग लाल रंगाची वेलांटी हाताने डावीकडे आणून लावायची. हाताला ती उडी कळते. "घ" आणि "ध", "भ" आणि "म" ही जोडी एकाच आठवड्यात कधी शिकवू नये. एक पक्के झाल्यावरच दुसरे घ्यावे. ताटात रवा पसरून त्यात बोटाने अक्षर काढणे, वाळूच्या कागदाचे अक्षर बोटाने गिरवणे, हे माँटेसरीबाईंचे देणे आजही तितकेच कामाचे. आणि ज्या मुलाला बाराखडी झेपणार नाही असे दिसते, त्याला गावातले शब्द चित्रासारखे ओळखायला शिकवावेत : "धोका", "स्त्रिया", "पुरुष", "बंद", "दवाखाना", आपल्या बसची पाटी. बाराव्या वर्षापर्यंत अआइई गिरवत राहिलेला मुलगा बसस्थानकावर चुकीच्या दाराने आत गेला तर त्या गिरवण्याचा हिशेब कोणाला मागायचा?

संख्यांची गोष्ट आणखी मजेची. "पंचवीस" मध्ये पाच आधी ऐकू येतात, वीस नंतर. मूल ऐकते तसे लिहिते, ५२. "एकोणतीस" मध्ये तर कानावर तीस पडतात आणि लिहायचे दोनावर नऊ. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस पाच" अशी रीत सुचवली तेव्हा केवढा गदारोळ झाला, ते श्रोत्यांना आठवत असेल. विनोदही पुष्कळ झाले. विशेष वर्गापुरते आमचे मत असे की, ती शिडी म्हणून जरूर वापरावी. मात्र भाजीवाली "पंचवीस" असेच म्हणणार, तेव्हा तो शब्दही कानावर सतत पडला पाहिजे. पैशांसाठी एक फार चांगली युक्ती आहे. बेरीज-वजाबाकी न येणाऱ्या मुलाने दहाच्या नोटा घेऊन जायचे. किंमत ३७ लिहिली आहे. पहिला आकडा पाहायचा, तीन. तीन नोटा मोजायच्या आणि वर एक. दुकानदाराला चार नोटा, आणि परत येईल ते खिशात. किंमत नेमकी तीस असली तरी बिघडत नाही, एक नोट परत येते. तास-दोन तासांच्या सरावाने नव्हे, काही आठवड्यांच्या सरावाने; पण ज्याला दोन अंकी बेरीज कधी आली नसती असा मुलगा दुकानात जाऊन येतो. अलीकडे गिऱ्हाईक खिशातून फोन काढते आणि दुकानातला डबा आवाजात रक्कम सांगतो, त्यामुळे नोटा मोजणारा हा मुलगा रांगेत वेगळा दिसतो. चार सेकंद थांबण्याचे आम्ही वर सांगितले ते रांगेतल्या लोकांनाही लागू आहे.

हा सराव वर्गातल्या लुटूपुटूच्या दुकानात करून भागत नाही. ह्या मुलांची मोठी अडचण अशी की, एका जागी शिकलेले दुसऱ्या जागी आपोआप जात नाही. लाकडी चौकटीवर बटणे लावणारे मूल स्वतःच्या शर्टापुढे गोंधळते, कारण तेथे बटण उलट्या बाजूने दिसते. म्हणून विकतच्या चकचकीत पेट्यांपेक्षा खऱ्या वस्तू बऱ्या. वर्गीकरणासाठी प्लास्टिकचे रंगीत ठोकळे कशाला? चमचे आणि वाट्या, मोजे आणि रुमाल, वाटाणे आणि चिंचोके वेगळे करू द्यावेत. बाटल्यांची बुचे, कपड्यांचे चिमटे, आगपेट्या, जुन्या लग्नपत्रिका, शिंप्याकडच्या चिंध्या एवढ्यावर वर्षभर वर्ग चालतो. सारखे पाय हलवणाऱ्या मुलाच्या बाकाच्या पुढच्या पायांना सायकलची जुनी ट्यूब ताणून बांधावी. पाय तिच्यावर चालत राहतात आणि डोळे फळ्यावर टिकतात. पेन्सिल निसटत असेल तर तिच्यावर त्याच ट्यूबची पट्टी गुंडाळावी. उतरते लिहायला लाकडाची फळी लागतेच असे नाही. जाडजूड पुठ्ठ्याची फाइल आडवी ठेवली तरी चालते.

घर आणि शाळा यांत खूण एकच हवी. शाळेत पाण्यासाठी अंगठा तोंडाशी, घरी पेला दाखवणे आणि आजीकडे "मम्", असे झाले तर मुलाला तीन भाषा शिकाव्या लागतात. दर शनिवारी आईला एकच गोष्ट सांगावी, दहा नव्हेत. पाळी करून आलेल्या बाईला "घरी रोज एक तास अभ्यास घ्या" असे सांगणारा शिक्षक तिच्या घरी कधी गेलेला नसतो. भाजी निवडणे, ताटे मांडणे, कपड्यांच्या घड्या घालणे, ह्या तिच्या नेहमीच्या कामातलीच एक पायरी मुलाला द्यावी. चार माणसांना चार ताटे, हे एकास एक मोजणेच आहे.

हे सर्व एका शिक्षकाने किती मुलांसाठी करायचे? येथे आमचा आवाज थोडा चढला तर सांभाळून घ्यावे. २०१६ च्या कायद्याने चाळीस टक्के किंवा अधिक अक्षमता असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सामान्य शाळांसाठी विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवून जाहीर करण्यास सांगितले, आणि त्यानंतर प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक, आणि त्यावरच्या स्तरावर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण ठरले. मार्च २०२५ मध्ये राज्यांनी पदे मंजूर करून जाहीर करावीत असा आदेश पुन्हा द्यावा लागला. "पुन्हा" हा शब्द लक्षात घ्यावा. आपल्याकडे फिरते विशेष शिक्षक वर्षानुवर्षे कंत्राटी मानधनावर राबले. एक बाई आठवड्यात अनेक शाळा करणार, तर एका मुलाच्या वाट्याला तिचा किती वेळ यावा? वर सांगितलेली पाच आकडे मोजण्याची रीत घाईत असलेल्या माणसाला साधत नाही. शिक्षकाच्या नोकरीची शाश्वती हा शिक्षणपद्धतीचाच भाग आहे, हे आम्ही संघटनेचे म्हणून बोलत नाही. मदत हळूहळू काढून घेण्याचे काम वर्षभर एकाच माणसाने पाहिले तरच होते, म्हणून बोलतो.

अठराव्या वर्षानंतर काय, हा आईबापांचा खरा प्रश्न. पूर्वीची रीत अशी होती की, आधी कार्यशाळेत वर्षानुवर्षे तयारी, मग जमल्यास नोकरी. तयारी कधी संपतच नसे. आता अनेक ठिकाणी उलटे करतात : आधी खऱ्या कामाच्या जागी नेमायचे, आणि शिकवणारा माणूस सोबत काही महिने तेथेच उभा करायचा. एका छोट्या कारखान्यात आम्ही असा एक तरुण पाहिला. त्याला बारापर्यंत मोजता येत नाही. त्याचे काम टॉवेल डझनाने बांधण्याचे. त्याच्या शिक्षकाने लाकडी फळीवर बारा कप्पे केले. प्रत्येक कप्प्यात एक घडी. कप्पे भरले की डझन झाला, गठ्ठा बांध. दिवसअखेर मोजून पाहिले, एक घडी इकडची तिकडे नव्हती. मालक म्हणाले, "ह्याला बाराचा पाढा शिकवायला किती वर्षे गेली असती!" आम्ही त्यांना पगाराचे विचारले. "मानधन देतो," म्हणाले. डझन जर पुरा असेल तर मजुरीही पुरीच हवी, यावर आमची त्यांची बोलणी तीन बैठकांत झाली. आता तो इतरांच्या दराने वेतन घेतो.

श्रोत्यांपैकी ज्यांची मुले वा नातवंडे शाळेत आहेत, त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत तीन गोष्टी विचाराव्यात : आपल्या शाळेत अशी मुले किती, त्यांच्यासाठी पद मंजूर आहे की नाही, आणि शिक्षक बदलला तर त्या मुलाची माहिती नव्या शिक्षकाकडे कशी जाते. तिसऱ्याला फारसे कोठे उत्तर नसते, पण उपाय एका कागदाचा आहे. मेच्या सुट्टीपूर्वी बाईंनी एका पानावर लिहून ठेवावे : याला काय आवडते, काय भिववते, पाणी कोणत्या खुणेने मागतो, कोणत्या कामाच्या कोणत्या पायरीवर आहे, आणि किती वेळ थांबले की स्वतः करतो. ते पान आईकडे एक आणि मुख्याध्यापकांकडे एक असावे, म्हणजे जूनमध्ये नव्या माणसाला पुन्हा नळापासून सुरुवात करावी लागणार नाही.